पोस्टरला पैसे उरत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या मराठी चित्रपटांना थिएटर मिळत नाही, मिळाले तर दुपारचा आडवेळचा खेळ मिळतो, ही तक्रार आपल्या पत्रांच्या सदरात दर दोन-चार महिन्यांनी असतेच. तक्रार खरी आहे. पण सगळे खापर मल्टिप्लेक्सवर फोडून आपण मोकळे होतो आणि निर्मात्याच्या वहीत कोणी डोकावत नाही. माझा जन्म बँकेत कर्जाच्या फायली चाळण्यात गेला. त्यामुळे की काय, ओळखीपाळखीतली होतकरू मुले अधूनमधून चित्रपटाचे अंदाजपत्रक दाखवायला येतात. कॅमेऱ्याचे भाडे, लाइटवाले, युनिटचे जेवण, डबिंग, साउंड मिक्सिंग, सेन्सॉर, सगळे बिनचूक मांडलेले. शेवटची ओळ ‘प्रसिद्धी’. तिच्यापुढे एकतर कोरी जागा, नाहीतर ‘नंतर बघू’. हॉल ठरला, आचारी ठरला आणि पत्रिका छापायच्याच राहिल्या, अशातला हा प्रकार.

साधा हिशेब करून पाहू. मल्टिप्लेक्सचे तिकीट 150 रुपये धरले, तर 18 टक्के जीएसटी वजा जाता साधारण 127 रुपये उरतात. 2009 मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचे भांडण मिटले, तेव्हा निर्मात्या-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि पुढे 30 असा ठरला होता. तीच भाजणी धरली, तर पहिल्या आठवड्यात तिकिटामागे हाती येतात साडेत्रेसष्ट रुपये. जाहिरातीवर 30 लाख घातले असतील, तर नुसते तेवढे सुटायला 47 हजारांहून जास्त तिकिटे खपली पाहिजेत. चित्रीकरणाच्या खर्चातला पहिला रुपया त्यानंतर. वितरकाचे कमिशन आणि डिजिटल प्रक्षेपणासाठी पडद्यागणिक मोजावे लागणारे पैसे मी अजून धरलेलेच नाहीत.

यातली खरी मेख त्या उतरत्या भाजणीत आहे. मोठ्या नटाचा चित्रपट शुक्रवार ते रविवार कमावून घेतो. ज्यात ओळखीचा चेहरा नाही, त्याचा प्रेक्षक ऐकून ऐकून जमतो. सोमवारी ऑफिसात कोणीतरी ‘बघच’ म्हणतो, बुधवारी घरात ठरते आणि शुक्रवारी जावे तर खेळ उतरलेला. उतरला नसला तरी निर्मात्याचा वाटा घटलेला. मग अशा चित्रपटाने एकाच दिवशी राज्यभर झळकण्याचा हट्ट का धरावा? पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर एवढीच शहरे घ्या, प्रत्येक ठिकाणी दोन पडदे, पण संध्याकाळचा खेळ मागून घ्या. तिथे बोलबाला झाला की पुढची गावे. पडदे कमी म्हणजे खर्चही कमी. हे मी सांगतो तेव्हा मुले कसनुशी हसतात, कारण ‘दीडशे थिएटरांत’ हे शब्द पोस्टरवर दिसायला छान असतात!

पुरस्कार हीसुद्धा जाहिरातच, आणि फुकटातली. पण तिची मुदत फार थोडी. ‘कोर्ट’ चित्रपटाला व्हेनिस महोत्सवाचे मान 2014 मध्ये मिळाले, राष्ट्रीय सुवर्णकमळ मार्च 2015 मध्ये जाहीर झाले आणि एप्रिलमध्ये तो थिएटरांत लागलाही. योगायोग असो की नियोजन, वर्तमानपत्रांतले कौतुक ताजे असताना तिकीटबारी उघडी होती. ‘कासव’ला 2017 च्या एप्रिलमध्ये सुवर्णकमळ जाहीर झाले आणि चित्रपटगृहात यायला ऑक्टोबर उजाडला. सहा महिन्यांत लोक नाव विसरतात. एप्रिलमध्येच थिएटरवाल्यांशी बोलणी करण्याइतके पैसे बाजूला ठेवलेले असणे, ही चैन मुळीच नव्हे.

आपल्याला मात्र दुसऱ्याच गोष्टी आवडतात. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’साठी शेतजमीन विकली, हे आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कारच आहे. पण फाळक्यांनी सुरतेत केलेली आपल्या चित्रपटाची जाहिरात किती जणांना आठवते? सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि सगळे फक्त तीन आण्यांत! हा निर्माता पक्का विक्रेताही होता. कर्ज काढणे हाच आपण कलावंताचा दागिना करून ठेवला आहे. त्या कर्जातले किती पैसे पोस्टरसाठी राखले, हे मुलाखतीत कोणी विचारत नाही.

राज्य शासनाची अनुदान योजनाही याच चालीची आहे. चित्रपट पुरा झाला की परीक्षण समिती तो बघते, गुण देते. ‘अ’ दर्जाला 40 लाख आणि ‘ब’ दर्जाला 30 लाख असे आकडे वर्षानुवर्षे चालत आले. पैसे येतात तेव्हा निर्माता ते आधी सावकाराच्या हातावर ठेवतो, आणि त्यात त्याचे चुकत नाही. माझी सूचना अशी, की या रकमेचा चौथा हिस्सा वेगळा काढून प्रदर्शनाच्या आधी द्यावा. तो फक्त प्रसिद्धी आणि प्रक्षेपण यांवरच खर्च व्हावा, आणि पावत्या दाखवल्याशिवाय उरलेला हप्ता सुटू नये. बँकेत बांधकामाचे कर्ज आम्ही टप्प्याटप्प्यानेच सोडत होतो. चित्रपटाला ते जमू नये असे काही नाही.

एक मागणी आपल्याकडेही आहे. आपण परीक्षण छापता ते पहिल्याच आठवड्यात. दुसऱ्या आणि तिसऱ्या शुक्रवारी ‘अजून चालू आहे’ अशी छोटी चौकट द्यावी: कोणता मराठी चित्रपट, कोणत्या गावात, किती वाजता. सांगली-मिरजेत मोबाइलच्या ॲपवर हे शोधता न येणारे माझ्या वयाचे प्रेक्षक पुष्कळ आहेत, आणि दुपारच्या आडवेळच्या खेळाला जायला सवड आहे ती आम्हालाच.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज