चाचा, त्या गंधारासाठी

चाचा, सलाम.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, तेव्हाच ते लिहायला हवं होतं. पेपरात कारागिरांचे फोटो आले होते. त्यात तुम्ही नव्हता, आणि दिवसभर मला चुटपुट लागून राहिली. आमच्या बँडवर तुमचे जे उपकार आहेत ते आम्ही चौघांनी कधी तोंडानं सांगितले नाहीत. आज सांगतो, आणि सगळ्यांसमोर सांगतो.

2017 च्या जूनमध्ये सतारमेकर गल्लीत तुमच्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढलो, तेव्हा माझ्या खांद्यावर साडेतीन हजारांना घेतलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार होती. सांगलीहून वडापमध्ये ती मांडीवर उभी धरून आणली होती. त्याआधी दोन ठिकाणी ‘ही टाकून द्या, नवी घ्या’ असं ऐकून झालं होतं. आम्ही चौघं तेव्हा रॅमोन्स आणि क्लॅश हे पंक बँड ऐकायचो, एका इअरफोनची दोन टोकं दोघांत वाटून. रॅमोन्स हा 1974 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला बँड. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर 14 गाणी आहेत आणि ती सगळी अर्ध्या तासाच्या आत संपतात. वाजवायला सुरुवात करण्यासाठी आधी उस्ताद व्हावं लागत नाही, एवढं त्यातून आम्हाला कळलं होतं. पण सांगलीत हे कोणाला सांगायचं? घरचे म्हणायचे, आधी क्लास लाव.

कसलं संगीत वाजवता, हे तुम्ही विचारलंसुद्धा नाही. गिटार आडवी घेतली, एक तार मोकळी छेडली, मग पहिल्या पट्टीवर बोट दाबून पुन्हा छेडली. ‘मोकळी बरोबर हाय. पहिल्या पडद्यावर चढतीय.’ फ्रेटला पडदा म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. तीन महिने मी ट्यूनरसमोर बसून जे शोधत होतो, ते तुम्ही दोन छेडींत सांगितलं. खुंट्यांच्या बाजूच्या खाचा उथळ होत्या. तार त्यामुळे उंच राहायची, दाबताना जास्त ताणली जायची आणि स्वर वर सरकायचा. तुम्ही बारीक कानस काढलीत. दोन घासे, तार बसवायची, ऐकायचं, पुन्हा दोन घासे. चार तारा झाल्यावर कानस माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, ‘जास्त गेलं तर परत भरता येत नाही. कानानं घास.’ उरलेल्या दोन तारांना मला पाऊण तास लागला. तुम्ही मध्ये एकदाही हात घातला नाही, उठूनही गेला नाही. पैसे विचारले तर म्हणालात, वाजवून दाखवा.

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही चौघंही आलो. 15 वॉटचा ॲम्प रिक्षात घालून आणला. दुकानात भोपळे टांगलेले, एका कोपऱ्यात तबलीच्या, म्हणजे सतारीच्या दर्शनी झाकणाच्या, फळ्या रचलेल्या, आणि आम्ही डिस्टॉर्शन लावून, म्हणजे आवाज मुद्दाम फाडून, तीन कॉर्डचं आमचं पहिलं गाणं वाजवलं. शेजारचे दोन कारागीर दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हाकलणार.

तुम्ही विचारलंत, ‘गंधार कुठं ठेवला?’

गंधार म्हणजे सारेगममधला ग. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मग तुम्ही माझी बोटं बघितलीत. मी पॉवर कॉर्ड धरत होतो. त्यात दोनच स्वर असतात, मूळ स्वर आणि त्याचा पाचवा. तुम्ही भिंतीशी टेकवलेला तंबोरा घेतलात, तारा छेडल्यात. प, सा, सा आणि खर्ज, म्हणजे खालचा सा. ‘तुम्ही पण सा-पच लावलाय की,’ म्हणालात. मग तोच कॉर्ड मला नुसता धरून ठेवायला लावलात आणि ॲम्पच्या जाळीशी कान नेलात. बराच वेळ. आम्ही श्वास रोखून उभे. ‘हाय की गंधार. आपोआप बोलतोय.’

तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून न वाजवलेला गंधार ऐकू येतो, त्याला गाणारे स्वयंभू गंधार म्हणतात, हे त्या दिवशी कळलं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा अगदी किंचित उतरता घासायचा, तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवायचा, म्हणजे तार घोडीला चाटत वाजते आणि आतले लपलेले स्वर वर येतात. ती जवारी. आमच्या ॲम्पमध्ये आवाज फाटतो तेव्हा सा आणि प एकमेकांत मिसळतात आणि तिथेही गंधार उमटतो. नंतर मी यामागचं गणित वाचलं, सा आणि प यांचं प्रमाण दोनास तीन, त्यांची बेरीज पाच, आणि पाचवा भाग म्हणजे गंधार. पण तुम्ही ते कानानं सांगितलं होतं. ज्याला सगळे गोंगाट म्हणत होते, त्यात काय आहे हे कोणीतरी पहिल्यांदा वाकून ऐकलं. चाचा, माझ्या आयुष्यात असं कोणी ऐकलं नव्हतं.

मग दोन वर्षं आम्ही रविवार धरूनच यायचो. बाकीचे दिवस ड्रमवाल्याच्या मामांच्या हळदीच्या गोदामात सराव. हंगामात छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या असायच्या, तेव्हा आवाज सुकून गेल्यासारखा यायचा, बाहेर रस्त्यावर कोणाला पत्ता लागत नसे. माल गेला की तेच गोदाम घुमायला लागायचं आणि सरावाची वेळ बदलावी लागायची. झांजा पिवळ्या, बोटं पिवळी. एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दुसऱ्या गाण्यावर आमचा माइक बंद केला गेला, तेव्हा मी थेट तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही काही समजूत घातली नाही. त्या वर्षी मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात संगीत सभेला घेऊन गेलात. अब्दुल करीम खाँसाहेब जिथं गायचे, तिथं आम्ही पहाटेपर्यंत मागे बसलो होतो. गायकांसाठी तंबोरे लागताना तुम्ही दर वेळी माझा हात दाबायचात. आला बघ, आला.

आणि मग 2019 चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. बासवाल्याचं घर गावभागात, आणि आमचं सगळं सामान तेव्हा तिथेच तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर आत गेलो तेव्हा ड्रमच्या लाकडाचे थर सुटून पानांसारखे उलगडले होते. बासमध्ये गाळ. ॲम्प गेलाच होता. आम्ही ते अंगणात उन्हात मांडत होतो, तेव्हा तुमचा फोन आला. ‘ऊन दाखवू नका. तडकेल. सावलीत ठेवा, मी येतो.’ तेव्हा धड वडाप सुरू झाली नव्हती. तुम्ही कसे आलात ते आजवर सांगितलं नाहीत.

टेम्पोतून सगळं मिरजेला गेलं. सव्वा महिना ते लाकूड तुमच्या माळ्यावर भोपळ्यांच्या शेजारी सुकत पडलं होतं. मग एकेका थराला सरस लावून, दोरीनं आवळून, तुम्ही ड्रम पुन्हा गोल केलेत. तुमच्याकडे तेव्हा ऑर्डरी खोळंबलेल्या होत्या, हे आम्हाला नंतर तुमच्या मुलाकडून समजलं. बँड मोडायचं आम्ही ठरवलं होतं, चाचा. घरी सगळ्यांचं एवढं नुकसान झालेलं असताना ड्रमचा विषय काढायला लाज वाटत होती. तुम्ही तो ड्रम दारात आणून ठेवलात आणि मग मोडायचं कोणाच्या तोंडून निघेना.

तोच ड्रम अजून वाजतो. पुण्यात एका छोट्या जागेत गेल्या महिन्यात आम्ही वाजवलं, समोर चाळीसेक माणसं होती. शेवटच्या गाण्याआधी मी एक कॉर्ड नुसता धरून ठेवला, आवाज पूर्ण विरेपर्यंत. लोकांना वाटलं असेल, तार तुटली. आमचा बासवाला माझ्याकडे बघून हसला. त्याला ऐकू आला होता.

येत्या उरुसाला आम्ही चौघंही येतोय. माझ्या गिटारची एक खाच खोल गेलीय, तार पडद्यावर खरखरते. तुम्ही सांगितलं होतंत तसंच झालं, भरता येत नाही. खाचांची हाडाची पट्टीच नवी बसवावी लागेल. कानस मी घेऊन येतो, घासायचं मीच. तुम्ही फक्त शेजारी बसा.

तुमचा,
सांगलीचा गिटारवाला