आत्याचा सुपर इकॉन्टा कॅमेरा सुरू करून देणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

आत्याच्या कॅमेऱ्यावरच्या पहिल्या रोलचे प्रिंट हातात आले आणि फोनवर नुसते 'थँक्यू' म्हणून भागेना. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. जुने घडीचे कॅमेरे ज्यांच्या घरी पडून आहेत, त्यांनाही कळू दे की तुम्ही नेमके काय करता.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत स्टुटगार्टला बनलेला हा झाइस इकॉन कंपनीचा ५३२/१६ मॉडेलचा कॅमेरा. ऑप्टन-टेसर ही ८० मिमी, एफ २.८ची लेन्स, सिंक्रो-कॉम्पूर शटर; १२० मापाच्या फिल्मरोलवर ६ बाय ६ सेंमीच्या बारा नव्हे, अकराच फ्रेम. इतकी वर्षे कपाटात राहून शटरमधले तेल पार सुकले होते. एक सेकंदावर लावले की पाती उघडायची, ती मिटायचीच नाहीत. आधी जिथे दाखवला तिथे 'शोकेसमध्ये ठेवा' असा सल्ला मिळाला होता. तुम्ही तो कानाशी धरून एकेक स्पीड ऐकलात. मग खोलीत अंधार करून लेन्स आणि फिल्म यांच्यामधल्या भात्यात टॉर्च घातलात आणि घडीच्या कोपऱ्यांतली बारीक भोके मला दाखवलीत.

पण मला खरे सांगायचे आहे ते रेंजफाइंडरबद्दल, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस ठरवायच्या खिडकीबद्दल. या कॅमेऱ्यात लेन्सची फक्त पुढची काच फिरून फोकस होतो. तिच्याशी दातेरी चक्रांनी जोडलेल्या रेंजफाइंडरच्या दोन काचेच्या पाचरी त्याच वेळी एकमेकींच्या उलट फिरतात. साफसफाईसाठी पुढची काच काढली की हा मेळ सुटतो. परत बसवताना एक दात जरी चुकला, तर खिडकीत दोन प्रतिमा बरोबर जुळतात आणि फिल्मवर माणूस धूसर येतो. तुम्ही फिल्मच्या जागी दुधी काच लावलीत, शटर 'बी'वर, म्हणजे हवे तितका वेळ उघडे राहील असे ठेवलेत आणि गच्चीतून पर्वतीच्या देवळाचा कळस भिंगाने पाहत बसलात. काचेवर कळस लख्ख झाला, की तोच रेंजफाइंडरमधून पाहायचा. फरक दिसला की चक्र काढून पुन्हा बसवायचे. ऊन उतरेपर्यंत हेच चालले होते. कुणी घाई केली असती तर मला तेव्हा कळलेही नसते.

टेसरच्या मागच्या, चिकटवलेल्या जोडीला तुम्ही हातही लावला नाहीत. "ती स्वच्छ आहे, कशाला उघडायची?" एवढेच म्हणालात. काय उघडायचे नाही हे ठाऊक असलेला कारागीर मिळणे, याला मी फार मोठे भाग्य मानतो.

तुम्ही सांगितलेले सगळे पाळतो आहे. कॅमेरा हळू उघडतो, कारण झटक्यात उघडला तर भाता हवा ओढतो आणि फिल्म जागची हलते. फिल्म पुढे सरकवतो ती उघडल्यानंतरच. १/५०० सेकंदाचा स्पीड हवा असेल तर शटर चढवण्याआधी, म्हणजे त्याची स्प्रिंग ताणण्याआधी लावतो, त्या स्पीडच्या जादा स्प्रिंगवर जोर नको म्हणून.

सोबत आत्याचा फोटो पाठवतो आहे. दीड मीटरवरून, २.८वर, खिडकीच्या उजेडात काढलेला. डोळ्यांच्या पापण्या मोजता येतात आणि कानापाशीच फोकस विरघळायला लागतो. हे तुमच्या त्या दुपारचे काम आहे, काका.

एक मागणे आहे. माझ्या मित्राकडेही एक सुपर इकॉन्टा आहे. तो घेऊन येईन तेव्हा पाचरींची जुळवणी मला करू द्या, तुम्ही शेजारी बसून चुका सांगा. पावसाळ्यानंतर कधी येऊ ते कळवा.

तुमचा कृतज्ञ,
इकॉन्टावाला भाचा