सूचना : विधी सेवा पॅनलच्या मानधनाची बिले

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरील वकिलांनी फौजदारी प्रकरणांची बिले निकाल लागताच सादर करावीत. सोबत नियुक्तीपत्र, कामाचा अहवाल आणि निकालाची प्रत जोडावी. बिले अडकतात ती बहुधा तारखांवरून: रोजनाम्यातली (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीतली) हजेरी आणि बिलातल्या तारखा जुळत नाहीत, किंवा नुसती तहकुबीसुद्धा सुनावणी म्हणून लावलेली असते. रोजनामा समोर ठेवूनच तक्ता भरा.

आरोपी कोठडीत असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाचा दाखला मागून अर्ज लांबवू नये. मानधन तुटपुंजे आहे हे खरेच, तरी पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. सत्र खटल्यात (आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याबाबतच्या) जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०४ ऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३४१ लिहावे.