सरावाच्या तोंडीत समोर बसलेल्या ताईंना

प्रिय ताई,

पीएच.डी.ची कॉम्प्रिहेन्सिव्ह तोंडी, म्हणजे विषयाची एकूण जाण तपासणारी तोंडी परीक्षा, नियमावलीत दोन-चार ओळींत उरकलेली असते. कोर्सवर्क झाल्यावर, प्रबंधाचं काम रीतसर सुरू होण्याआधी, बहुतेक ठिकाणी तीन ते पाच परीक्षक आणि साधारण दोन तास. बंद दाराआड त्या दोन तासांत काय घडतं, ते तुम्ही आमच्या तुकडीला शिकवलंत. स्वतःचं संशोधन सांभाळून, संध्याकाळी, एकेकाला समोर बसवून. पत्र उघड लिहितोय, म्हणजे ज्यांची तोंडी अजून व्हायची आहे त्यांच्याही ते हाती लागेल.

पहिले आभार ‘माहीत नाही’ म्हणायला शिकवल्याबद्दल. परीक्षक समोरच्याचं उत्तर थांबेपर्यंत खणत जातात, कारण विषयाची जाण कुठवर आहे हेच त्यांना बघायचं असतं. तयारी कितीही चोख असली तरी अडण्याची वेळ येतेच. तिथे तुम्ही तीन वाक्यं घोटून घेतलीत: इथपर्यंत मला माहीत आहे, यापुढचं माहीत नाही, शोधायचं झालं तर अमुक ठिकाणाहून सुरुवात करीन. तिसरं वाक्य बहुतेक जण विसरतात आणि परीक्षकाला सगळ्यात जास्त त्याच्यातच रस असतो. थाप मारली की काय होतं, तेही तुम्ही लगेच दाखवायचात. तोंडातून जो भारी शब्द निसटला, पुढचा प्रश्न त्याच शब्दाची व्याख्या विचारणारा!

दुसरे आभार मुळाक्षरांकडे परत नेल्याबद्दल. ताजे शोधनिबंध पाठ असतात आणि गाडी अडते ती पदवीच्या वर्गात शिकलेल्या गोष्टीवर. तुमचा संख्याशास्त्रातला तो प्रश्न आता आमच्यात सगळ्यांना पाठ आहे: ‘पी-व्हॅल्यू ०.०३ आली, म्हणजे काय?’ हमखास येणारं उत्तर, ‘नल हायपोथिसिस (परिणाम काहीच नाही, हे गृहीतक) खरं असण्याची शक्यता ३ टक्के.’ हे चूक. नल हायपोथिसिस खरं धरलं, तर हाती आलेला किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता ३ टक्के, हे बरोबर. मग तुम्ही पुढे सरकायचात. पी-व्हॅल्यू जिच्याखाली गेली की निकाल ‘सिग्निफिकंट’ (लक्षणीय) म्हणायचा, ती ०.०५ची रेघ आली कुठून? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये ती सोयीची सीमा म्हणून सुचवली. निसर्गात अशी रेघ नाही. बरं, परिणाम कुठेच नसताना २० स्वतंत्र चाचण्या केल्या तर? फळ्यावर मांडा: ०.९५चा विसावा घात सुमारे ०.३६, म्हणजे निदान एक तरी खोटा ‘सिग्निफिकंट’ निकाल हाती येण्याची शक्यता ६४ टक्के. व्याख्या, उगम, वापर, बिघाड. एका साध्या शब्दावर प्रश्नांची अशी उतरंड कशी रचली जाते, ते एकदा कळलं की स्वतःच्या विषयातले असे पंधरा-वीस शब्द ज्याचे त्याला काढता येतात. तयारीचा पहिला आठवडा त्यातच घालवावा, असं आमचं ठाम मत आहे.

फळ्याची शिस्तही तुमचीच. डाव्या कोपऱ्यातून सुरुवात, आधी गृहीतकं, आलेख असेल तर वक्राच्या आधी अक्षांची नावं आणि एककं. चुकलेली ओळ पुसायची नाही, तिच्यावर एक रेघ मारायची. पुसली की परीक्षकाला विचाराचा माग लागत नाही आणि तो सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारतो. उत्तर दीड-दोन मिनिटांचं. आधी थेट उत्तर, मग कारण, मग ते कुठे लागू पडत नाही, आणि गप्प. शांतता असह्य होऊन माणूस बोलत सुटतो आणि नको त्या गल्लीत शिरतो. परीक्षक खाली मान घालून बसला असेल तर बहुधा तो टिपण लिहीत असतो, नाराज नसतो. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा केवढं ओझं उतरलं!

सरावाचं वेळापत्रक जसंच्या तसं देतो. पहिली फेरी अर्ध्या तासाची, एकाच विषयावर. दुसरी तासाभराची, दोन परीक्षक. तिसरी पूर्ण दोन तासांची, त्यातला एक परीक्षक विषयाबाहेरचा, आणि ती परीक्षेच्या किमान आठवडाभर आधी. आदल्या दिवशी सराव नको: सापडलेलं भोक बुजवायला वेळ उरत नाही आणि झोप मात्र जाते. तुम्ही वहीच्या डाव्या पानावर प्रश्न शब्दशः लिहायचात, उजव्या पानावर फक्त ‘व्याख्या नाही’, ‘भरकटलं’, ‘प्रश्न वेगळाच ऐकला’ असे शेरे. उत्तरं कधीच लिहिली नाहीत. शेरे मोजले की कुणाचं दुखणं कुठे आहे ते आपोआप दिसायचं, आणि ‘प्रश्न वेगळाच ऐकला’ हा शेरा सगळ्यांच्याच पानांवर जास्त होता. त्यावर उपाय एकच, प्रश्न आपल्या शब्दांत म्हणून दाखवायचा आणि होकार मिळाला की मगच बोलायचं.

वाचनयादीसाठी प्रत्येक संदर्भाला अर्धं पान: प्रश्न काय, पुरावा कसला, दावा काय, कच्चा दुवा कुठे, वाद कुणाशी. पानं लेखकांच्या नावांप्रमाणे न लावता वादांप्रमाणे लावायची.

दोन परीक्षक आपसांत भिडले तर मध्ये पडू नका, हेही तुमचंच. ते थांबले की मतभेद नेमका कुठे आहे ते एका वाक्यात मांडायचं आणि मग आपलं मत.

बोलताना अडखळणाऱ्या आमच्या मैत्रिणीला तुम्ही महिनाभर आधी गाइडशी बोलून कमिटीच्या अध्यक्षांना लेखी कळवायला लावलंत, की तिला उत्तराला जादा वेळ लागेल. अशी मागणी करता येते, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आणि निकाल ‘सशर्त उत्तीर्ण’ लागला तर अटी आणि तारीख त्याच दिवशी लेखी मागून घ्यायच्या, हेही ठाऊक नव्हतं. तोंडी सांगितलेल्या अटी प्रत्येक परीक्षकाच्या लक्षात वेगळ्या राहतात.

तुमची वही आमच्याकडेच आहे. नव्या तुकडीची पहिली अर्ध्या तासाची फेरी या गुरुवारी आहे. परीक्षकाच्या खुर्चीत आमच्यातले दोघं बसतील, आणि डावं पान तुमच्यासारखंच शब्दशः भरतील.

तुमचे ऋणी,
तुमच्यासमोर फळ्याशी उभे राहिलेले सगळे