जूनच्या खड्ड्याबद्दल

रत्नागिरी
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय शलाका,

तुझा मेसेज वाचला. फोनवर सांगायला घेतलं असतं तर दुसऱ्याच वाक्याला तू "कळलं गं" म्हणून विषय बदलला असतास, म्हणून सरळ लिहायलाच बसलेय. एम.कॉम.ला इकडे यायचं आणि मामांकडून आता एक पैसाही घ्यायचा नाही, हे तू ठरवलंस ते बरंच झालं. मामी त्यावर काय बोलल्या ते मी विचारत नाही.

"महिन्याला किती लागतात?" असं तू विचारलंयस. साडेपाच हजार. पण एवढाच आकडा डोक्यात घेऊन आलीस तर जूनमध्ये रडशील. वर्षाला किती लागतात आणि ते कुठल्या महिन्यात लागतात, ते ऐक.

खोलीचे माझ्या वाट्याला २,००० येतात, चौघींत वाटून, लाइटबिल धरून. जेवणाचे २,७००. दुपारचा डबा लावलाय, रात्रीचं खोलीवर शिजवतो. एसटी, झेरॉक्स, पुस्तकं, वरखर्च मिळून ८००. हे झाले महिन्याचे ५,५००, म्हणजे वर्षाचे ६६,०००. आता जे महिन्याच्या हिशेबात बसतच नाही ते धर. फी आणि परीक्षा फी मिळून १५,०००, मोबाइलचं वर्षाचं रिचार्ज ३,५००, कपडे, छत्री, चपला यांचे ५,०००, दवाखान्याचे ४,०००, आणि गणपती नि लग्नातली पाकिटं मिळून ५,०००. ते झाले ३२,५००. एकूण ९८,५००. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा अशा खर्चाचा, की जो "महिन्याला किती" विचारणाऱ्याला दिसतच नाही.

जमेची बाजू अशी: शिकवण्यांचे महिना ६,०००, दहा महिने, म्हणजे ६०,०००. आंब्याच्या हंगामात २२,०००. कर सल्लागाराच्या ऑफिसात पावसाळ्यात १४,०००. दिवाळी आणि नाताळच्या गर्दीत गणपतीपुळ्याला एका होमस्टेत मदत करते त्याचे ८,०००. बेरीज १,०४,०००. साडेपाच हजार उरतात. बी.कॉम.ला आपल्याला इथपर्यंतच शिकवलं आणि वर मार्कही दिले!

खरी गंमत पुढे आहे. मार्चच्या शिकवणीचे पैसे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हातात पडतात आणि तिथे नळ बंद. मुलांच्या परीक्षा, मग सुट्टी. शाळा उघडतात जूनच्या मध्याला आणि पालक पैसे देतात महिना भरल्यावर, म्हणजे जुलैत. (एका पालकांनी तर "बाई, गणपती झाले की एकदम देतो" म्हटलं होतं. कुठले गणपती ते सांगायचं राहिलं असावं.) आंब्याचं काम एप्रिल-मेमध्ये, पण बागायतदार पैसे देतो वाशीच्या दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की. पट्टी कधी येते? जून अर्धा सरल्यावर. कधीकधी पुरता सरल्यावर.

आणि एप्रिल ते जूनचा खर्च? तीन महिन्यांचं भाडं ६,०००, जेवण ८,१००, फीचा पहिला हप्ता ९,०००, रेनकोट-पुस्तकांचे अडीच हजार. पंचवीस हजार सहाशे. हा माझा जूनचा खड्डा. वर्षाअखेर किती उरतात त्याला महत्त्व नाही, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खात्यात २६,००० आहेत की नाहीत एवढंच मी बघते. तू आलीस की पहिलं काम हेच कर. बारा महिन्यांचे बारा रकाने आखायचे, प्रत्येकात आलेले-गेलेले लिहायचे आणि शिल्लक पुढे ओढत न्यायची. ती सगळ्यात खाली कुठल्या महिन्यात जाते ते शोधायचं. तुझा खड्डा कदाचित ऑक्टोबरात असेल. पण असेल नक्की.

घरी मागावं म्हटलं तर आमच्या घरचा जून तुला माहीत आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हर्णैच्या किनाऱ्यावर बोटी शाकारून ठेवलेल्या आणि बाबा ओटीवर जाळी विणत बसलेले. ते दरवर्षी मालकाकडून उचल घेतात आणि ऑगस्टात बोट सुटते तेव्हा हंगामाच्या पहिल्या दिवशीच देणेकरी असतात. त्यामुळे मला उचल या प्रकाराचीच धास्ती आहे. आमचा बागायतदार माणूस चांगला, मार्चमध्येच म्हणतो, "हवे तर पाच हजार घेऊन ठेव." मी नको म्हणते. एकदा घेतले की मग एप्रिलात परीक्षेच्या आदल्या दिवशी "जरा ये गं" म्हटल्यावर तोंड उघडता येत नाही.

ते काम मला आवडतं, हेही सांगून ठेवते. शेडमध्ये बसून पेट्यांचा हिशेब लिहायचा, किती पाच डझनी, किती सहा डझनी, कुठल्या गाडीने गेल्या. माणसं कमी असली की हातानेही भरायला बसते. देठाचा चीक बोटांना लागला की दोन दिवस कातडी जळते, म्हणून खोबरेल जवळच ठेवते. तूही हंगामात येऊ शकशील, मी शब्द टाकीन. कॉलेजात "कमवा आणि शिका"ची जागा मिळाली तर ती आधी धर. पैसे कमी, पण वेळ कॉलेजच्या वेळेत बसतो.

कर सल्लागाराच्या ऑफिसातलं काम पगारदारांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांचं. एरवी ३१ जुलैला संपतं. गेल्या वर्षी सरकारने मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली आणि मला दीड महिना जास्त मिळाला. ते पैसे मी यंदाच्या हिशेबात धरलेले नाहीत. सरकार दरवर्षी माझ्यासाठी मुदत कशाला वाढवेल?

शिष्यवृत्तीचंही तेच. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज जरूर कर. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि बाकीच्या अटींत बसत असशील तर राजर्षी शाहू योजनेत निम्मी शिक्षण फी मिळते. पण पैसे येतात हप्त्यांनी आणि आपल्या सवडीने, त्यामुळे जमेच्या बाजूला लिहू नकोस. खात्यात पडले की मग खुश हो. आधार बँकेच्या खात्याशी जोडलेलं आहे ना, ते आत्ताच बघ. उत्पन्नाचा दाखलाही मेमध्येच काढून ठेव, जूनमध्ये सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. मजा बघ, आपण कितीही स्वावलंबी झालो तरी त्या कागदावर उत्पन्न बापाचंच लागतं. मुलींची फी माफ झाली म्हणून तुझी आई म्हणत होती, तो जुलै २०२४ चा शासननिर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे. एम.कॉम.ला त्याचा उपयोग नाही.

पैसे ठेवायचे कुठे? माझी दोन खाती आहेत. येईल तो पैसा पहिल्यात. दर एक तारखेला त्यातून ५,५०० दुसऱ्यात टाकते आणि फोनवरचं यूपीआय फक्त त्या दुसऱ्याला जोडलंय. पंचवीस तारखेला तिथे चारशे उरले असतील तर चारशेच. पहिल्या खात्याचं कार्ड ट्रंकेत, आईच्या साडीखाली. खड्ड्याचे पैसे जमतील तसे तीन छोट्या मुदतठेवींत टाकते. एक एप्रिलात सुटते, एक मेमध्ये, एक जूनमध्ये, सगळ्यात मोठी जूनची. पिग्मीवाले काका, म्हणजे पतसंस्थेसाठी रोज थोडे थोडे पैसे गोळा करणारे, तुलाही गाठतील. रोज दुकानात गल्ला मोजणाऱ्याला ते सोयीचं असेल, पण पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण नसतं. मी बँकेतच ठेवते. काकांना चहा पाजते आणि नाही म्हणते.

काटकसरीबद्दल मला फार बोलायचं नाही, त्यात आपण लहानपणापासून पटाईत आहोत. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे घरी जाणं परवडतं. मे संपायच्या आत सुकट, बोंबील, कुळीथ आणि आगळ भरून ठेवायचं, बंदीत ताज्या मासळीचा भाव विचारायची सोय नसते. पावसाळा सरला की मिरकरवाडा बंदरात संध्याकाळी उशिरा जायचं, बांगड्याचा वाटा निम्म्यात मिळतो. तेवढ्यात चौघींचं दोन वेळचं भागतं. डब्यात मात्र काटछाट करू नकोस. शेजारच्या खोलीतल्या एकीने डबा बंद करून बिस्किटांवर दिवस काढले आणि वाचवलेले सगळे पैसे सलाइनला घातले.

गणपतीचे पैसे कापायचा विचारही करू नकोस. रिकाम्या हातांनी घरी गेलीस तर चाकरमान्यांच्या पोरांसमोर तुलाच कसंतरी होईल. मेमधल्या लग्नांचं मात्र मी ठरवून टाकलंय. जवळच्या मैत्रिणीला ५०१, बाकी सगळ्यांना १०१, आणि पाकिटावर नाव ठळक.

आता कामाचं. आमच्यातली एक मेमध्ये खोली सोडतेय. घरमालकीण मावशी अनामत दोन महिन्यांची घेतात, म्हणजे ४,०००, आणि ते तुझ्या जूनच्या रकान्यात आत्ताच लिही. तुला जागा हवी असेल तर मार्च संपायच्या आत कळव, कारण सिव्हिलजवळच्या एका मुलीने आधीच विचारून ठेवलंय. खिडकीकडची कॉट माझी आहे, ती मिळणार नाही.

काकूंना नमस्कार सांग. मामांनाही सांग, आणि त्यांचे आजवरचे किती झाले ते त्यांच्यासमोर मोजायला बसू नकोस, त्यांना वाईट वाटेल.

तुझी,
मुग्धा