वाटेकऱ्याचे नुकसान कोणत्या रकान्यात?

माननीय संपादक महोदय,

बेळगाव परिसरात बायपास, रिंगरोड किंवा नव्या रेल्वेमार्गाचा विषय निघाला की रोजगार आणि उलाढालीचे अंदाज आधी मांडले जातात. असे अंदाज बांधण्याची एक रूढ पद्धत म्हणजे वासिली लिओंटिफ यांचे आदान-प्रदान विश्लेषण. एका क्षेत्रातील खर्चामुळे इतर क्षेत्रांत किती मागणी वाढते, हे त्यातून काढता येते. पद्धत उपयोगाची आहे. मात्र सिमेंट, सळई, यंत्रे आणि कामगार बाहेरून येणार असतील आणि तरीही राज्याच्या सरासरीचे गुणक (एक रुपया खर्चामागे एकूण मागणी किती वाढते, ते आकडे) आपल्या तालुक्याला लावले, तर कागदावरचा फायदा फुगतो. पैसा मात्र इथे फिरत नाही.

तोट्याची बाजू तर याहून अपुरी मोजली जाते. येळ्ळूर, शहापूरच्या काळ्या शिवारात भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर मसूर येतो, आणि भाताच्या पिंजरावर घरची जनावरे वर्ष काढतात. आमची दोन एकर जमीन एका प्रकल्पात गेली, तेव्हा भरपाई वडिलांच्या नावावर जमा झाली, कारण उताऱ्यावर नाव त्यांचे होते. तीच जमीन वीस वर्षे कसणाऱ्या वाटेकऱ्याला आणि दर पावसाळ्यात रोपलागणीला येणाऱ्या चार बायकांना काहीही मिळाले नाही. आमच्या घरात पैसे आले आणि त्यांची चूल अडचणीत आली, याची बोच मला आजही आहे.

वास्तविक २०१३ च्या भूसंपादन कायद्याने, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका असलेले शेतमजूर आणि वाटेकरी यांनाही बाधित कुटुंबांत धरले आहे. प्रकल्पाच्या सामाजिक परिणामांचे मूल्यमापन करून त्याचा अहवाल स्थानिक भाषेत प्रसिद्ध करण्याची तरतूदही त्यात आहे. परंतु राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालील संपादनाला त्याच कायद्याने या मूल्यमापनातून वगळले आहे, आणि सुपीक शिवारे चिरत जातात ते बहुतेक महामार्गच.

म्हणून कायद्याची सक्ती असो वा नसो, आखणी पक्की होण्यापूर्वी परिणामांचा अंदाज आणि त्यामागची गृहीतके कन्नडबरोबर मराठीतही ग्रामसभेत वाचली जावीत. वाटेकरी, मजूर स्त्रिया आणि दूधवाले यांची घरोघर नोंद घ्यावी. तालुक्याच्या सरासरीत ही घरे दिसत नाहीत. रस्ता झाल्यावर पाच वर्षांनी त्याच घरांत पुन्हा जाऊन, अंदाज किती खरे ठरले हेही तपासावे.

– एक शेतकरी वाचक, येळ्ळूर (जि. बेळगाव)