काकांच्या धाकट्याला टर्नरला घालावं का?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेलं कात्रण वाचलं. रोबो आले, आता मशीन ऑपरेटर घरी बसणार, असं त्यात आहे आणि त्याखाली तुमचा प्रश्न: काकांच्या धाकट्याला आयटीआयला टर्नरला, म्हणजे लेथवर धातू कापायच्या ट्रेडला, घालायचं की नाही? फोनवर हो म्हटलं असतं तर तुम्ही चार दिवसांनी परत तेच विचारलं असतं, म्हणून नीट लिहूनच पाठवते. काकांनाही वाचून दाखवा.

बातमी खोटी नाही. २०२३ या एका वर्षात आपल्या देशात साडेआठ हजारांच्या आसपास औद्योगिक रोबो बसले. चीनमध्ये त्याच वर्षी पावणेतीन लाखांच्या वर बसले, तेव्हा आपल्याकडची ही सुरुवातच म्हणायची. चाकणला बजाजच्या प्लांटमध्ये माणसांच्या शेजारी उभे राहून काम करणारे छोटे रोबो येऊन कितीतरी वर्षं झाली. मोठ्या कंपन्यांत ते जुनंच. आता ते आमच्यासारख्या सप्लायरच्या मशीन शॉपमध्ये उतरलेत, एवढंच नवीन.

आमच्याकडे आता दोन सीएनसी टर्निंग मशीन (संगणकावर चालणाऱ्या लेथ) समोरासमोर आणि मधे रोबो, असे दोन सेल आहेत. पूर्वी चार मशीनवर चार जण होतो. दार उघडायचं, जॉब (घडवायचा भाग) काढायचा, त्याला पकडणाऱ्या जॉवर हवा मारायची, सहा किलोचं फोर्जिंग, म्हणजे ठोकून घडवलेला कच्चा तुकडा, चकमध्ये धरायचं, सायकल स्टार्ट. मशीन चालू असेपर्यंत काढलेला जॉब मायक्रोमीटरवर बघायचा आणि साइज वर-खाली होत असेल तर ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या दुरुस्तीच्या आकड्यात, मिलिमीटरचं एखादं शतांश टाकायचं. आता उचल-ठेव रोबो करतो, मोजायचं काम गेज करतं आणि ऑफसेटही गेजच परस्पर मशीनला देऊन टाकतं. शिफ्टला दोन्ही सेलना मिळून मी एकटी.

मग बाकीचे तिघं कुठे गेले, हे तुम्ही विचारणारच. "कुणालाही काढलेलं नाही" असं एचआर सांगतं आणि कागदावर ते खरं आहे. तिघंही ठेकेदाराचे होते. एकाला असेंब्लीला घेतलं, बाकी दोघांना मुदत संपल्यावर ठेकेदाराचा परत फोनच आला नाही. तुमच्या वेळी मशीन आणून माणसं कमी होणार असतील तर १९४७ च्या कायद्याप्रमाणे एकवीस दिवस आधी नोटीस लावावी लागायची. कमी केलंच तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागायचा. युनियनच्या मीटिंगा आपल्याच ओट्यावर व्हायच्या, त्यामुळे मला हे शाळेत असतानाच पाठ होतं. आता त्या नोटिशीची वेळच येत नाही. म्हणून मी रोबोला शिव्या देत नाही. तो आला नसता तरी त्या दोघांची नोकरी अकरा-अकरा महिन्यांचीच होती.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे आणि ती तुमच्याइतकी कुणाला कळायची नाही.

मागे एका सेकंड शिफ्टला सेलचा दिवा हिरवा, स्क्रीनवर सगळे जॉब ओके. ट्रेमधला एक शाफ्ट सहज हातात घेतला, बेअरिंगच्या जागेवरून नख फिरवलं, फिनिश उत्तम. तरी सवयीनं मायक्रोमीटर लावला तर साइज पंधरा मायक्रॉन कमी. पुढचा घेतला, तोही तसाच. सेल थांबवला. गेजच्या टोकाला धातूची केसासारखी बारीक चिप चिकटून बसली होती. त्यामुळे गेजला प्रत्येक जॉब जाड दिसायचा, ते मशीनला सांगायचं अजून घे आणि मशीन बिचारं ऐकायचं. दोघांचं आपापसात अगदी पटलेलं आणि जॉब मात्र भंगारात! गेज पुसलं, मास्टर (अचूक मापाचा नमुना) लावून सेट केलं, ट्रेमधले सगळे जॉब वेगळे काढून हातानं तपासले.

तेव्हा मायक्रोमीटर घ्यावा असं मला का वाटलं? कारण तीन-चार वर्षं मी त्याच मशीनवर लोडिंग केलंय. इन्सर्टची (कापणाऱ्या पातीची) धार गेली की आवाज कसा बदलतो, जॉब किती गरम निघतो, सकाळी थंड मशीनवर पहिले काही जॉब कसे वेगळे येतात, हे मला कुणी वर्गात शिकवलेलं नाही. उचल-ठेव करता करता ते अंगात मुरलं. तुम्ही तर सुरुवातीला चिप झाडायला आणि मिस्त्रींना चहा आणून द्यायलाच होतात ना? चिप निळी पडली की स्पीड जास्त झाला, हे तुम्ही झाडू हातात असताना शिकलात. आमच्या मशीनला बंद दार, आत कूलंटचा धबधबा, चिप दिसतच नाही. त्यात आता लोडिंगही रोबोकडे गेलं. म्हणजे नवीन पोरानं जिथे उभं राहून शिकायचं, नेमकी तीच जागा गेली. वरच्यांना वाटतं, माझ्यासारखी माणसं तयार मिळतात. पण दहा वर्षांनी ती येणार कुठून, हे मी एका मीटिंगमध्ये विचारलं तर सगळे हसले आणि विषय सायकल टाइमवर, म्हणजे एका जॉबला किती वेळ लागतो त्यावर, गेला.

आई, तुझ्यासाठी मात्र चांगली बातमी आहे. माझा उजवा खांदा दुखायचा थांबला. शिफ्टला शे-दीडशे वेळा सहा किलो आत आणि तेवढंच बाहेर, ते संपलं. बाबांचा खांदा रात्री शेकून देतेस ना, तसा माझा शेकायची वेळ येणार नाही. रोबोचं एवढं ऋण मानायला हवं.

काकांना अजून एक गोष्ट सांगा. माणसं रोबोमुळे कमी होतील त्याहून जास्त कदाचित इलेक्ट्रिक गाड्यांमुळे होतील. पेट्रोलच्या इंजिनात क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, नुसते टर्निंग-ग्राइंडिंगचे जॉब. भोसरी-चाकणची निम्मी शॉप त्यावरच जगतात असं म्हटलं तरी चालेल. मोटरवर चालणाऱ्या स्कूटरला यातलं काहीच लागत नाही. मोटरचा शाफ्ट, थोडे गिअर, हाउसिंग, की संपलं. तुम्ही २००७ मध्ये बजाजचं आकुर्डीचं गाड्यांचं उत्पादन बंद झालेलं पाहिलंत, २०२२ मध्ये तिथेच इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना सुरू झाला. काम परत आलं, पण टर्नरच्या वाट्याला त्यातलं किती, ते तुम्हीच बघा.

एवढं सगळं सांगूनही माझं उत्तर हो आहे. घाला त्याला टर्नरला. नुसतं बटण दाबणाऱ्या ऑपरेटरला पुढे किंमत राहणार नाही, पण धातू कसा कापला जातो हे ज्याला कळतं त्याला प्रोग्रॅम, गेज, रोबो हे सगळं नंतर शिकता येतं. उलट्या बाजूनं शिकलेले मी पाहिलेत. रोबोचा कोर्स करून येतात, टीच पेंडंट (रोबोला शिकवायचा हातातला रिमोट) झकास चालवतात आणि जॉब ओव्हल का येतोय म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघतात. (जॉ फार घट्ट आवळलेत, दुसरं काय!)

फक्त आयटीआयनंतर त्याला आमच्यासारख्या ठिकाणी लगेच पाठवू नका. इथे तो वर्षभर ट्रे सरकवील आणि ठेकेदाराच्या यादीत अडकेल. भोसरीत अजून दहा-बारा माणसांची जॉब शॉप आहेत. एक सीएनसी, एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन) आणि कोपऱ्यात जुनी लेथ. रोज वेगळा जॉब, त्यामुळे तिथे रोबो परवडत नाही. पगार कमी, पंखा एकच, पण सेटिंगपासून पॅकिंगपर्यंत सगळं हातून जातं. दोन वर्षं तिथे काढली की मग कुठेही जाऊ दे. अशा एका शॉपचे मालक माझ्या ओळखीचे आहेत, बोलून ठेवते.

तोवर तुमची ट्रंकेतली पेटी काढा. व्हर्नियर आणि शून्य ते पंचवीसचा मायक्रोमीटर अजून चांगला असेल. सुट्टीत त्याला रोज तासभर बसवा आणि घरात मिळेल ते मोजायला लावा. रीडिंग चुकलं तर ओरडू नका, मला ओरडायचात तसं. आयटीआयचे फॉर्म दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन निघतात. जातीचा आणि रहिवासी दाखला काकांनी आत्ताच काढून ठेवावा, तेव्हा सेतूत फार गर्दी होते.

आई, गुडघ्याच्या गोळ्यांचे पैसे बाबांच्या खात्यावर टाकलेत. त्यातून खत आणू देऊ नकोस.

तुमची,
धाकटी